विद्यापीठ पोर्टल (मराठवाडा)

विद्यापीठ पोर्टल : विद्यार्थी, महाविद्यालये आणि विद्यापीठाचे विभाग यांच्यातील नोंदणी, परीक्षा, निकाल व प्रमाणपत्रांचे व्यवहार लॉगिनद्वारे चालवणारी संगणकीय व्यवस्था. नुसती परिपत्रके दाखवणारे संकेतस्थळ या संज्ञेत येत नाही. अमेरिकेत २००० च्या सुमारास काही विद्यापीठांनी मिळून ‘यूपोर्टल’ ही मुक्त स्रोत प्रणाली घडवली. महाराष्ट्रात एकेका विद्यापीठाला अनेक संलग्न महाविद्यालये सांभाळावी लागत असल्याने पोर्टल आले ते मुख्यतः परीक्षा विभागाची गरज म्हणून.

स्वीकार : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ (स्थापना २३ ऑगस्ट १९५८, नामविस्तार १४ जानेवारी १९९४) याचे कार्यक्षेत्र छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव हे चार जिल्हे. राज्य शासनाच्या पुढाकाराने २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची (एमकेसीएल) ‘डिजिटल युनिव्हर्सिटी’ प्रणाली राज्यातील इतर काही विद्यापीठांप्रमाणे येथेही वापरात आली. या प्रणालीत पात्रता तपासून झाली की विद्यार्थ्याला १६ अंकी कायम नोंदणी क्रमांक (पीआरएन) मिळतो. त्यातले पहिले चार अंक नोंदणीचे वर्ष सांगतात. परीक्षेचा अर्ज महाविद्यालयाला ‘इनवर्ड’ (स्वीकारल्याची नोंद) करावा लागतो; त्यामुळे महाविद्यालयातल्या लिपिकाचे महत्त्व पोर्टल आल्यावरही कमी झालेले नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ (अंमल १ मार्च २०१७) याने माहिती तंत्रज्ञान मंडळाला विद्यापीठाच्या प्राधिकरणांत स्थान दिले.

परीक्षा : ऑनलाइन व्यवस्थेतील धोक्याचे राज्यातील उदाहरण मुंबईचे. मुंबई विद्यापीठात २०१७ मध्ये उत्तरपत्रिकांची ऑनलाइन तपासणी घाईने लागू झाली, निकाल कित्येक आठवडे रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. दोष प्रणालीचा की पूर्वतयारीचा, याविषयी मतभेद आहेत.

प्रबंध : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे भांडार त्यासाठी आहे. मराठवाडा विद्यापीठाचे प्रबंधही त्यात आहेत. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, प्रत्येक प्रकरण आणि संदर्भसूची अशा वेगवेगळ्या पीडीएफ फायली चढवल्या जातात. पूर्वी मार्गदर्शकाचे कपाट आणि विद्यापीठाचे ग्रंथालय एवढ्यातच राहणारे संशोधन त्यामुळे कोणालाही घरबसल्या वाचता येते. संतसाहित्य, दलित साहित्य, हैदराबाद मुक्तिसंग्राम, मराठवाड्यातील दुष्काळ अशा विषयांच्या अभ्यासकांसाठी ही सोय फार मोलाची आहे.

मराठी प्रबंधांची अडचण मात्र कायम आहे. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो. तोच उचलून दुसरीकडे टाकला की रोमन अक्षरे आणि चिन्हे उमटतात. काही फायली तर छापील पानांची नुसती छायाचित्रे असतात. अशा प्रबंधाच्या आत शब्द शोधता येत नाही. कित्येक मराठी शीर्षके रोमन लिपीत नोंदलेली असल्याने शीर्षकानेही प्रबंध सहज सापडत नाही. प्रबंध स्वीकारतानाच युनिकोड प्रतीची आणि देवनागरी शीर्षकाची सक्ती करणे हा यावरचा सोपा व तातडीचा उपाय आहे.

श्रेयांक : विद्यार्थ्यांचे श्रेयांक साठवणारी राष्ट्रीय शैक्षणिक श्रेयांक बँक (२०२१) डिजिलॉकरशी जोडलेली आहे.

 

मूल्यमापन : ग्रामीण भागात अर्ज बहुधा नेट कॅफे किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून भरला जातो. अर्जात दुकानदाराचाच मोबाइल क्रमांक पडला तर ओटीपी त्याच्याकडे जातो आणि पुढच्या सत्रात विद्यार्थी स्वतःच्याच खात्याबाहेर राहतो. किती सेवा ऑनलाइन झाल्या याचा हिशेब विद्यापीठे ठेवतात. विद्यार्थ्याचे किती हेलपाटे वाचले, याचाही ठेवला पाहिजे. नावातली एक चूक दुरुस्त करायला अजूनही मूळ कागदपत्रे घेऊन परीक्षा भवनात जावे लागत असेल, तर तेवढ्यापुरता पोर्टलचा स्वीकार अपुराच आहे.