चित्रपट रसास्वाद

चित्रपट रसास्वाद म्हणजे कथानकापलीकडे जाऊन प्रकाश, छाया, चौकट, ध्वनी आणि काळ यांतून चित्रपटाची भाववृत्ती कशी घडते, हे डोळसपणे पाहण्याची रीत होय. अपरिचित परदेशी चित्रपट पाहताना तिचा विशेष उपयोग होतो; कारण तेथे प्रेक्षकाला ओळखीच्या नटांचा वा भाषेचा आधार नसतो. महाराष्ट्रात या अभ्यासाचे प्रमुख केंद्र पुणे हे आहे.

संज्ञा

'रस' ही संकल्पना भरताच्या नाट्यशास्त्रातून आली आहे. शालेय मराठीत कवितेच्या संदर्भात 'रसग्रहण' हा शब्द रूढ आहे. कवितेचा सारांश म्हणजे रसग्रहण नव्हे. त्याचप्रमाणे गोष्ट सांगणे म्हणजे चित्रपटाचा रसास्वाद नव्हे.

छायालेखन आणि भाववृत्ती

प्रकाश कोठून व किती यावा, कॅमेरा पात्रापासून किती दूर असावा, कोणते भिंग वापरावे आणि शॉट किती वेळ चालावा, या निर्णयांतून भाववृत्ती आकार घेते. विस्तृत कोनाच्या भिंगामुळे जवळच्या व दूरच्या वस्तूंमधील अंतर वाढल्यासारखे वाटते, तर लांब पल्ल्याच्या भिंगामुळे ते आक्रसते. त्यामुळे एकच खोली मोकळी किंवा कोंदट भासू शकते.

उदाहरणे

व्हिक्टर एरिसे यांच्या 'द स्पिरिट ऑफ द बीहाइव्ह' (१९७३) या स्पॅनिश चित्रपटात १९४० च्या सुमारास एका खेड्यात फिरता सिनेमा येतो आणि 'फ्रँकेन्स्टाइन' पाहून लहानगी आना अस्वस्थ होते. छायालेखक लुइस क्वाद्रादो यांनी घराच्या खिडक्यांमधून मधासारखा पिवळा प्रकाश आत आणला आहे. खिडक्यांची षट्कोनी नक्षी पोळ्याची आठवण करून देते. यादवी युद्धानंतरची घुसमट संवादांत क्वचितच येते. ती या प्रकाशात आणि घरातील शांततेत जाणवते.

बेला टार आणि आग्नेस ह्रानित्स्की यांचा 'वर्कमाइस्टर हार्मोनीज' (२०००) हा कृष्णधवल हंगेरियन चित्रपट सुमारे अडीच तासांचा असून त्यात केवळ ३९ शॉट आहेत. आरंभी गुत्त्यातील मद्यपींना सूर्य, पृथ्वी व चंद्र बनवून ग्रहण दाखवले जाते. हा प्रसंग न तोडता चित्रित केल्यामुळे गंमत हळूहळू गंभीर होत जाते.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटात छायालेखक मृणाल देसाई यांचा कॅमेरा बहुधा दूर व स्थिर राहतो. न्यायालयाला सुटी लागते, दिवे मालवले जातात आणि पडदा काही काळ अंधारात राहतो. व्यवस्थेची उदासीनता येथे भाषणाविना कळते.

पुण्यातील परंपरा

प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात १९६० मध्ये चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. संस्थेतील प्राध्यापक सतीश बहादूर यांनी चित्रपट रसास्वादाच्या अध्यापनाचा पाया घातला. दोन्ही संस्थांनी मिळून चालवलेल्या उन्हाळी अभ्यासक्रमामुळे शिक्षक, पत्रकार व सर्वसामान्य रसिक यांना जागतिक चित्रपटांचा परिचय झाला. संग्रहालयाने चित्रपट मंडळांना १६ मिलिमीटरच्या प्रतीही पुरवल्या. मुंबईत १९६८ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळाने याच चळवळीला बळ दिले. २००२ पासून पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरू लागला.

जतन आणि आस्वाद

फिकट किंवा कापलेल्या प्रतीत कथा कदाचित समजते. परंतु छायांमधील सूक्ष्म छटा व शॉटची लय हरवते. म्हणून रसास्वाद आणि जतन हे परस्परावलंबी आहेत. संग्रहालयाचे संचालक पी. के. नायर यांनी फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) आणि 'कालिया मर्दन' (१९१९) या मूकपटांचे उपलब्ध भाग मिळवून जपले. भारतातील बहुतेक मूकपट मात्र नष्ट झाले असून त्यांच्या छायालेखनाचा आस्वाद घेणे आता शक्य नाही.