शिकेकाईला वेळ लागतो

आजचा विषय आहे केस धुणं. हसू नका, यात इतिहास भरपूर आहे.

आधी शब्द बघू. शाम्पू हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच नेला. हिंदीत 'चांपना' म्हणजे दाबणं, चेपणं. 'चांपो' म्हणजे चेप. आपली 'चंपी'ही त्यातलीच. म्हणजे मूळ अर्थ मालिश, त्यात फेसाचा संबंधच नाही! 1759 मध्ये पाटण्यात जन्मलेले शेख दीन मोहम्मद कंपनीच्या फौजेत होते, तिथून आयर्लंडला गेले आणि पुढे इंग्लंडमधल्या ब्रायटनला त्यांनी वाफेचं स्नान आणि मालिश असं स्नानगृह चालवलं. या 'शाम्पूइंग'साठी चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या राजांनीही त्यांना नेमलं होतं. शाम्पू म्हणजे केस धुणं, हा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला.

मग आपल्याकडे केस कशाने धुवायचे? शिकेकाई आणि रिठा. 'शिकेकाई' हा शब्द दक्षिणेतून आला. तमिळ-कन्नडमध्ये 'काय', 'कायि' म्हणजे कच्चं फळ, शेंग. सह्याद्रीच्या जंगलात हिची काटेरी वेल सापडते. रिठ्याने सोनार दागिने धुवायचे, बायका रेशमी लुगडी धुवायच्या.

यामागचं रसायन सोपं आहे. दोन्हींत सॅपोनिन असतं. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. त्यामुळे डोक्यावरचं तेल सुटून पाण्याबरोबर निघून जातं. शाम्पूतलं डिटर्जंटही हेच करतं. म्हणून कोणी "यात केमिकल नाही हं" म्हणालं की मी गप्प बसते. सॅपोनिन केमिकल नाही तर काय आहे? साबण मात्र अल्कधर्मी. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याचं जमत नाही, केसांवर चिकट थर बसतो. शिकेकाईचं पाणी किंचित आम्लधर्मी, त्यामुळे केस मऊ राहतात. आजीचं "केसाला साबण लावू नकोस" हे वाक्य शास्त्राला धरूनच होतं.

मग शिकेकाई मागे का पडली? नुसतं 'जाहिरातींमुळे' म्हणणं मला पटत नाही. काम किती होतं ते बघा ना. रिठे फोडून बिया काढा, शिकेकाई आणि आवळकाठीबरोबर रात्री भिजत घाला, सकाळी उकळा, कुस्करा, फडक्यातून गाळा. बंब पेटवा. डोळ्यांत गेलं की झोंबणार. गुडघ्यापर्यंत केस असले तर धुवायला दुसरं माणूस लागायचं आणि वाळवायला अख्खी दुपार. हे सगळं घरातल्या बायकांच्या वेळेतून जायचं.

माझी आई नोकरीला लागली तेव्हा तिने केस खांद्यापर्यंत कापले. आजी आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. आईचं म्हणणं एवढंच होतं, "सव्वाआठची बस शिकेकाई उकळेपर्यंत थांबत नाही." त्या काळात दुकानात शाम्पूच्या पुड्या लटकायला लागल्या होत्या. पुडीची कल्पना तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांची, आणि त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी 1983 मध्ये चिक शाम्पू सुरू करून ती गावोगाव नेली. बाटली न परवडणाऱ्या घरातही शाम्पू पोचला. कामावर जाणाऱ्या बाईला त्या पुडीत अर्धा दिवस परत मिळाला, असं मी म्हणेन.

आता माझे केस कमरेपर्यंत आहेत आणि मी रविवारी शिकेकाई लावते. छान वाटतं. पण मला रविवारची सुट्टी आहे, गीझर आहे, मिक्सर आहे आणि नको असेल त्या दिवशी शाम्पू आहे. आजीला यातलं काहीच नव्हतं, आईला निवड करावी लागली. 'आपली परंपरा' म्हणून शिकेकाईचे गोडवे गाताना ती उकळायला पहाटे कोण उठत होतं, हेही सांगायला हवं.

तुमच्या घरी केसांना काय लावायचे आणि ते करायचं कोण? आईला, आजीला नक्की विचारा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!