कामाची साक्ष

परदेशी स्थायिक होण्यासाठी अर्ज करणे ही आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांना आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. कुणाचा मुलगा कॅनडाला निघालेला असतो, तर कुणाची मुलगी आणि जावई ऑस्ट्रेलियाची तयारी करीत असतात. शिक्षणाचे दाखले जोडले जातात, इंग्रजीची परीक्षा दिली जाते, वैद्यकीय तपासणी होते, आणि मग एके दिवशी पत्र येते. आपण दर्शविलेल्या कामाच्या अनुभवाविषयी आमचे समाधान झालेले नाही, तरी आपले म्हणणे अमुक मुदतीत मांडावे, अशा आशयाचे ते पत्र वाचले की घरातील वातावरण पालटते. जो माणूस वर्षानुवर्षे पहाटे डबा घेऊन लोकल गाडी गाठत होता, त्याला तू खरोखर काम करीत होतास हे सिद्ध कर असे सांगितले जावे, याचा त्याला अपमान वाटला तर नवल नाही.

परंतु हा संशय आजचा नाही, आणि त्याला द्यावयाच्या उत्तराचाही एक इतिहास आहे. तो घडला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, चिनी स्थलांतरितांच्या आयुष्यात. आमच्या वाचकांना तो दूरचा वाटेल. तथापि हाती ते पत्र घेऊन बसलेल्या कोणाही कुटुंबाला त्यातून काही शिकण्यासारखे आहे, म्हणून तो येथे थोडक्यात सांगत आहोत.

कॅलिफोर्नियातील सोन्याच्या खाणी आणि पुढे रेल्वेमार्गाची बांधणी यांसाठी हजारो चिनी मजूर अमेरिकेत गेले. काम संपले, मंदी आली आणि गोऱ्या कामगारांचा रोष त्यांच्यावर वळला. १८८२ साली अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून चिनी मजुरांना दहा वर्षांसाठी प्रवेशबंदी केली. कुशल असो वा अकुशल, मजूर म्हटला की दार बंद. व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी आणि प्रवासी यांना मात्र त्यातून वगळले होते. म्हणजे बोटीवरून उतरणारा चिनी मनुष्य कोण आहे यापेक्षा तो काय काम करतो, यावर त्याचे भवितव्य ठरू लागले. व्यापारी असल्याचे मान्य झाले तर प्रवेश. मजूर असल्याचा संशय आला तर परतीची बोट.

कायदा वर्षागणिक कडक होत गेला. १८८४ च्या दुरुस्तीने चिनी सरकारचा दाखला आणि त्यावर अमेरिकन वकिलातीची तपासणी या गोष्टी अनिवार्य केल्या. १८८८ साली तर मायदेशी भेटीला गेलेल्या मजुरांचे परतीचे दाखलेच रद्द करण्यात आले. सरकारी शिक्क्याचा कागद खिशात असताना सुमारे वीस हजार माणसे समुद्रापलीकडे अडकून पडली.

अशा दिवसांत लाऊ ओ ब्यू नावाच्या व्यापाऱ्याचा खटला उभा राहिला. हा गृहस्थ सतरा वर्षे अमेरिकेत राहत होता आणि ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात त्याची घाऊक मालाची भागीदारीतील पेढी होती. १८९० साली तो नातलगांना भेटण्यासाठी चीनला गेला. निघण्यापूर्वी आपण व्यापारी असल्याचा समाधानकारक पुरावा त्याने दूरदृष्टीने तयार करून ठेवला होता. १८९१ साली तो सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात परतला, तेव्हा अधिकाऱ्याने तो पुरावा मान्यही केला. तरीही चिनी सरकारचा ठरावीक दाखला नाही म्हणून त्याला अडविले. माणूस खरा आहे हे पटले होते. अडचण एवढीच की ठरलेला कागद नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अमेरिकेतच घरसंसार आणि धंदा असलेला व्यापारी चार दिवस बाहेरगावी जाऊन परत येतो तेव्हा त्याला हा दाखला लागू होत नाही, असा निर्णय न्यायालयाने १८९२ साली दिला आणि लाऊ ओ ब्यू याची सुटका झाली.

या निकालानंतर, १८९३ साली काँग्रेसने 'व्यापारी' या शब्दाची व्याख्याच कायद्यात लिहून टाकली. ज्याचे ठरावीक जागी दुकान आहे, जो मालाची खरेदी-विक्री करतो, ज्याच्या नावाने धंदा चालतो आणि जो धंद्याला अवश्य तेवढे सोडून कोणतेही अंगमेहनतीचे काम करीत नाही, तोच व्यापारी. परत येणाऱ्याने निघण्यापूर्वी किमान एक वर्ष आपण असा धंदा करीत होतो हे दोन विश्वासार्ह साक्षीदारांकडून शाबीत करावे, आणि ते साक्षीदार चिनी नसावेत! स्वतःच्या भाऊबंदांची साक्ष कायद्यानेच बाद ठरविली होती. याच कायद्यात मजूर कोण तेही सांगितले होते. खाणकामगार, कोळी, फेरीवाले, कपडे धुणारे, इतकेच नव्हे तर मासळी सुकविणारेही त्यात आले. आमच्या वसईच्या किनाऱ्यावर वलांडीवर बोंबील वाळत घालणारी आणि डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरणारी माणसे डोळ्यांपुढे आणली, म्हणजे या व्याख्येने कोणाला दाराबाहेर ठेवले ते चटकन ध्यानात येते.

व्यापारी ठरण्यावर केवळ त्या एका माणसाचेच नशीब अवलंबून नव्हते. व्यापाऱ्याच्या पत्नीला आणि अज्ञान मुलांना वेगळ्या दाखल्याविना प्रवेश मिळावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९०० साली दिला होता. त्यामुळे बापाच्या धंद्याविषयी अधिकाऱ्याला संशय आला की सगळे घर तुटत असे.

या संशयाला चिनी व्यापाऱ्यांनी उत्तर कसे दिले, हा या इतिहासातील सर्वांत शिकण्याजोगा भाग आहे. त्यांनी तोंडी शपथांवर विसंबून न राहता कागद जपले. पेढ्यांनी आपल्या भागीदारांच्या याद्या अधिकाऱ्यांकडे दाखल केल्या. कीर्द-खतावणी नीट ठेवली. ज्या गोऱ्या व्यापाऱ्यांकडून माल घेतला जाई, जो घरमालक भाडे घेई, त्यांच्याशी संबंध राखले. कारण उद्या साक्षीला तेच यावयाचे होते. चौकशी अधिकारी दुकानात जाऊन माल पाहत, वह्या उघडत आणि साक्षीदारांना विचारीत, "हा मनुष्य कधी कपडे धुताना किंवा स्वयंपाकघरात काम करताना तुम्हांला दिसला होता काय?" व्यापाऱ्याचे बोलणे, वहीतील नोंद आणि साक्षीदाराचे उत्तर ही तिन्ही जुळली तर संशय मावळत असे. एकात जरी फट दिसली तरी चौकशी लांबत असे.

कायद्याच्या व्याख्येलाही हळूहळू तडे गेले. खाणावळ चालविणारा हा व्यापारी नव्हे, असे प्रारंभी मानले जाई. १९१५ साली न्यायालयाने खाणावळीच्या मालकालाही व्यापारी मानले आणि त्यानंतर अमेरिकेच्या मोठ्या शहरांतून चिनी उपाहारगृहे झपाट्याने वाढली. ज्या धंद्याला कायद्याने मान दिला, त्या धंद्याकडे माणसे वळली.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे आणि ती लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. काहींनी पेढीत नावापुरती भागीदारी घेतली. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला, आग लागली आणि त्यात नगरीतील जन्मनोंदी नष्ट झाल्या. आपण अमेरिकेतच जन्मलो असे सांगणे त्यामुळे सोपे झाले, आणि अशा नागरिकांचे कागदोपत्री पुत्र बनून अनेक तरुण आले. अन्यायी कायद्याने गांजलेल्या माणसांनी काढलेली ही पळवाट होती. तिची निर्भर्त्सना करण्याची आम्हांला घाई नाही. परंतु तिची किंमत कोणी मोजली ते पाहिले पाहिजे. खोट्या नात्यांमुळे खऱ्या नात्यांवरही संशय आला. १९१० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात एंजल बेटावर तपासणीचे केंद्र उघडले. तेथे खऱ्या मुलालाही आपल्या गावात घरे किती, घराला पायऱ्या किती, तांदळाची कणगी कोठे असते, असले प्रश्न विचारीत आणि त्याची उत्तरे बापाच्या उत्तरांशी ताडून पाहत. खरा मुलगाही एखादे उत्तर चुके. माणसे तेथे आठवडेच्या आठवडे, काही जण महिनोन् महिने, अडकून पडली; त्यांनी लाकडी भिंतींवर कोरलेल्या कविता आजही तेथे आहेत. १९४० साली केंद्राच्या कचेरीला आग लागल्यानंतर ते बंद झाले आणि चिनी प्रवेशबंदीचा कायदा १९४३ साली रद्द झाला. खोटी नावे मात्र पुढेही मानगुटीवर बसली. १९५६ पासून सरकारने कबुलीजबाबाची योजना काढली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक माणसांनी आपली खरी ओळख सांगितली. तोवर कित्येकांची हयात परक्या आडनावाखाली गेली होती.

याच काळात आणखी एक तत्त्व न्यायालयात रुजले. क्वॉक जान फॅट हा कॅलिफोर्नियात जन्मलेला तरुण. १९१५ साली प्रवासाला निघण्यापूर्वी त्याने आपली तपासणी करवून घेतली होती, तरीही परतल्यावर त्याला अडविण्यात आले. त्याला ओळखणाऱ्या तीन गोऱ्या साक्षीदारांची महत्त्वाची ओळख चौकशीच्या दप्तरात नोंदविलीच गेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९२० साली ती चौकशी अन्यायाची ठरविली. अधिकाऱ्याला संशय घेण्याचा अधिकार आहे. मात्र अर्जदाराच्या बाजूचे उत्तर दप्तराबाहेर ठेवण्याचा नाही, असा या निकालाचा अर्थ आम्ही घेतो.

हीच विचारधारा आज निरनिराळ्या देशांच्या कायद्यांत निरनिराळ्या रूपांत दिसते. कॅनडाचे उदाहरण घेऊ, कारण आमची बरीच मुले तिकडे जातात. अर्जदाराने दिलेली माहिती खरी आहे की नाही, पत्र अस्सल आहे की नाही, असा संशय अधिकाऱ्याला आला, तर नकार देण्यापूर्वी अर्जदाराला उत्तराची संधी दिली पाहिजे, हे तेथील फेडरल न्यायालयाने २००६ च्या हसानी खटल्यात स्पष्ट केले. आरंभी वर्णिलेले पत्र ते हेच. म्हणून त्या पत्राकडे अपमान म्हणून न पाहता, पूर्वीच्या माणसांनी झगडून मिळविलेला हक्क म्हणून पाहावे. मात्र त्याच निकालात दुसरे सूत्रही आहे. कायद्याने मागितलेला पुरावाच अपुरा असेल, तर अधिकाऱ्याने विचारणा केलीच पाहिजे असे नाही. म्हणून पहिल्याच अर्जात पुरावा पूर्ण हवा.

तो पुरावा कसा असावा? 'हा इसम आमच्याकडे कामाला होता व त्याची वर्तणूक चांगली होती', एवढ्या दोन ओळींचा दाखला आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला. तेथे तो पुरत नाही. कंपनीच्या लेटरहेडवर हुद्दा, कामाच्या तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि मुख्य म्हणजे प्रत्यक्ष कामाचा तपशील लागतो. हुद्द्याचे नाव मोठे असून चालत नाही. त्या हुद्द्याची कामे केलेली दिसली पाहिजेत. आणि ती वर्णने सरकारी यादीतून जशीच्या तशी उतरविली, तर संशय वाढतो. संशयाचे पत्र आलेच, तर त्यातील प्रत्येक शंकेला क्रमाने, थोडक्यात आणि मुदतीत उत्तर द्यावे. नेमणूकपत्र, पगारपत्रके, बँकेचे उतारे, भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी, प्राप्तिकराचे कागद जोडावेत. कंपनी बंद पडली असेल, मालक पत्र देत नसेल, तर तसे सरळ लिहावे. पत्र मागितल्याचा पुरावा आणि सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे द्यावीत. तारखेत चूक झाली असेल तर ती झाकू नये, मान्य करून दुरुस्त करावी. आणि दलाल कितीही आग्रह करो, न केलेल्या कामाचे पत्र जोडू नये. खोट्या माहितीसाठी कॅनडाच्या कायद्यात पाच वर्षांची प्रवेशबंदी आहे. पण त्याहून मोठी हानी पुढच्या खऱ्या अर्जदाराची होते, हे एंजल बेटाने शिकविले आहे.

शेवटी एक गोष्ट घरी राहणाऱ्यांसाठी. लाऊ ओ ब्यू यास आणि त्याच्यासारख्या हजारोंना कुणीतरी साक्ष देणारा लागला. आमच्यातही कारखानदार आहेत, बेकरीवाले आहेत, ठेकेदार आहेत. त्यांच्याकडे राबलेला मुलगा किंवा मुलगी एक कागद मागावयास येते, तेव्हा "उद्या ये" म्हणून तिला चार वेळा परत पाठविले जाते. किंवा भिडेखातर नको तेवढे वाढवून लिहून दिले जाते. आठवी आज्ञा खोट्या साक्षीविषयी आहे, हे आम्ही बालपणीच शिकलो. खरी साक्ष वेळेवर न देणे हादेखील त्याच आज्ञेचा भंग आहे, असे आम्हांला वाटते. ज्याने आमच्या अंगणात घाम गाळला, त्याच्या घामाचा हिशेब तारीखवार आणि खरा लिहून देणे हे आमचे त्याला देणे आहे.