पायाचे बळ : तीन म्हणजे किती?

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला पलंगाच्या कडेला बसवून पाय सरळ करायला सांगतात. भौतिकोपचारतज्ज्ञ घोट्यापाशी हाताने दाब देतात आणि कागदावर ३ किंवा ४ असा आकडा लिहितात. वाकडच्या दवाखान्यातही हीच रीत. हा आकडा आला कोठून?

तो पोलिओतून आला. बोस्टनचे अस्थिशल्यविशारद रॉबर्ट लोव्हेट यांच्या सहकारी विल्हेल्माइन राइट यांनी १९१२ मध्ये स्नायू तपासण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे व्हरमाँटमधील पोलिओग्रस्त मुलांवर ती वापरली गेली. तिचे वजनमाप म्हणजे चक्क गुरुत्वाकर्षण! ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९४३ मध्ये, युद्धातील मज्जातंतूंच्या जखमांसाठी, ० ते ५ अशा श्रेणी रूढ केल्या. हालचाल नाही तर ०, नुसते स्फुरण १, कुशीवर आडवे झोपवून हालचाल जमली तर २, पृथ्वीच्या ओढीविरुद्ध जमली तर ३, थोड्या दाबाविरुद्ध ४, पूर्ण बळ ५.

आपल्याकडेही पुनर्वसनाचा पाया युद्ध आणि पोलिओ यांनीच घातला. पुण्यात १९४४ मध्ये सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र निघाले. मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था १९५५ मध्ये सुरू झाली. वाकडपासून फार दूर नसलेल्या खडकीत कमरेखाली लुळे पडलेल्या जवानांचे केंद्र १९७४ पासून आहे.

आता थोडे गणित. ६० किलोच्या माणसाचा गुडघ्याखालचा पाय सुमारे ३.६ किलोचा, त्याचा गुरुत्वमध्य गुडघ्यापासून साधारण २५ सेंमीवर. म्हणजे ९० किलो-सेंमी. गुडघ्यापासून ३५ सेंमीवर, घोट्यापाशी, हे जेमतेम २.६ किलो होतात. निरोगी तरुण तेथे सहज ३० किलोंहून अधिक जोर लावतो. म्हणजे श्रेणी ३ हे पाचातले तीन नव्हेत, दहावा हिस्साही नव्हे! असा रुग्ण बसून पाय सरळ करील, पण जिना चढताना गुडघा दगा देईल. उरलेले जवळजवळ सगळे बळ एकट्या ४ मध्ये कोंबलेले असते, आणि तेथे तपासणाऱ्याचा हातच तराजू.

ही उणीव लोव्हेट यांनाही जाणवली होती. शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट मार्टिन यांच्यासह त्यांनी १९१६ च्या सुमारास ताणकाटाच वापरला: काटा ओढायचा, रुग्णाने रोखायचे, पाय हटेल तेव्हाचा आकडा टिपायचा. १९४५ मध्ये अमेरिकी सैन्यातील डॉक्टर थॉमस डेलॉर्म यांनी लोखंडी बूट चढवून दहा वेळा उचलता येईल ते जास्तीत जास्त वजन मोजले. १९६७ नंतर ठरावीक वेगाने फिरणारी यंत्रे आली; ती अचूक, पण महाग. खिशात मावणारे बलमापक त्या मानाने स्वस्त, मात्र तपासणाऱ्याचा हात रुग्णाच्या पायापुढे हटला की तेही कमीच दाखवते. शिवाय एक बिनखर्चाची कसोटी आहे: हात न टेकता ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते, ते मोजणे.