वाकलेली पाठ आणि वैद्यकाची दृष्टी

वार्धक्यात स्त्रीची पाठ वाकणे व दुखणे हा वयाचा अटळ परिणाम मानला जात असे. परंतु बॉस्टनमधील वैद्य फुलर अल्ब्राइट यांनी 1940 च्या सुमारास अस्थिसुषिरता, म्हणजे हाडे विरळ व ठिसूळ होण्याचा विकार, रजोनिवृत्तीनंतर घटणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाशी जोडला. पुढे 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तरुण स्त्रियांच्या सरासरीपेक्षा 2.5 प्रमाण विचलने वा त्याहून अधिक खाली असलेली अस्थिघनता ही निदानाची सीमा ठरवली. मात्र मणके दबल्याने होणारी पाठदुखी, खुंटणारा वावर आणि खचणारे मन या आकड्यात मावत नव्हते. म्हणूनच 1990 च्या दशकात युरोपात ‘क्वालेफो’ ही प्रश्नावली तयार झाली, जिच्यात वेदना, घरकाम, हालचाल व मनःस्थिती यांविषयी रुग्णालाच विचारले जाते. अस्थिघनतेइतकेच महत्त्व रुग्णाच्या सांगण्यालाही उपचारात मिळाले पाहिजे.