गासोमेत्रोची जमीन

अर्जेंटिनाच्या ब्यूनोस आयर्स शहरात बोएदो हा एकेकाळचा कामगारांचा भाग. तिथे सान लोरेन्सो क्लबचे फुटबॉल मैदान होते. ते १९१६ साली सुरू झाले. त्याचे लाकडी फळ्यांचे उंच सज्जे लांबून गॅसच्या टाकीसारखे दिसत, म्हणून लोक त्याला 'गासोमेत्रो' म्हणत. ते मैदान गेले आणि पुढे लोकांनी जमीन परत मिळवली, एवढीच गोष्ट सहसा सांगितली जाते. मला तिची राहिलेली बाजू सांगायची आहे.

क्लब १९०८ सालचा. रस्त्यावर खेळणारी पोरे ट्रामखाली सापडतील म्हणून लोरेन्सो मासा या पाद्र्याने त्यांना चर्चचे अंगण दिले. अट एकच, रविवारी प्रार्थनेला यायचे. (धर्म फुकट काही देत नाही, हे तिकडेही खरे.) पुढे मैदान मोठे झाले. सामने तर होतच, पण कार्निव्हलचे नाचही तिथेच होत.

मार्च १९७६ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली. शहराचा कारभार हवाई दलातील ब्रिगेडियर ओस्वाल्दो काच्चियातोरे यांच्या हाती आला. मैदानातून रस्ते काढायचे आहेत, असे क्लबला सांगण्यात आले. क्लब कर्जात होताच. २ डिसेंबर १९७९ रोजी बोका ज्युनियर्सविरुद्ध शेवटचा सामना झाला, गोलशून्य बरोबरीचा. सज्जे मोडून काढले. रस्ते मात्र कधीच झाले नाहीत. १९८५ साली त्या जागेवर एका फ्रेंच कंपनीचे सुपरमार्केट उभे राहिले. दरम्यान १९८१ साली बेघर क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला. १९९३ साली त्याला बाहो फ्लोरेसमध्ये नवे मैदान मिळाले, तरी बोएदोची आठवण गेली नाही. ८ मार्च २०१२ रोजी प्लाझा दे मायो चौकात सुमारे लाखभर माणसे जमली. त्याच नोव्हेंबरात शहराच्या विधिमंडळाने 'ऐतिहासिक परतफेडी'चा कायदा केला. समर्थकांनी चौरस मीटरच्या हिशेबाने पैसे भरले आणि २०१९ साली क्लबने जमिनीचा ताबा घेतला. विस्थापितांसाठी झगडणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हा लढा जरूर अभ्यासावा.

पण याच काच्चियातोरेंच्या कारभाराने शहरातल्या झोपडपट्ट्याही उठवल्या. दीड लाखाहून अधिक माणसे हाकलली गेली. कित्येकांना ट्रकमध्ये घालून शहराबाहेर सोडले, तर बोलिव्हिया-पॅराग्वेच्या लोकांना मायदेशी धाडले. १९८१ साली भर पावसाळ्यात मुंबईच्या फुटपाथवरच्या माणसांना 'आपापल्या गावी' पाठवायला निघालेले सरकार आपण पाहिलेच आहे. हुकूमशहा असो की निवडून आलेला, गरिबाचे गाव नेहमी दुसरीकडेच असते.

त्या माणसांसाठी 'ऐतिहासिक परतफेडी'चा कायदा झाला नाही. क्लबकडे सभासदांच्या नोंदी होत्या, छायाचित्रे होती, मते होती. झोपडीवाल्याकडे पावती कुठली? उलट अर्जेंटिनाच्या स्टेडियमांतून 'झोपडपट्टीवाला' आणि 'बोलिव्हियन' या शिव्या म्हणून गायल्या जातात. जमीन गमावल्याचे दुःख भोगलेल्यांच्या सज्जातूनही त्या ऐकू येत असतील, तर ते दुःख कुठवर पोचले, असा प्रश्न मला पडतो.

बाहो फ्लोरेसचे नवे मैदान एका झोपडपट्टीला लागूनच आहे. लष्करी राजवटीत ती वस्तीही उठवली होती. १९८३ साली लष्कर गेले आणि माणसे परतली, नवीही आली. त्यांनी कोणाची परवानगी विचारली नाही. विटा आणल्या आणि घरे बांधली.