मेथोचं कूळ

केमोच्या औषधांत लाल दिसतं ते अ‍ॅड्रियामायसिन, पिवळं ते मेथोट्रेक्सेट. आमच्या खात्यात त्याला सगळे ‘मेथो’ म्हणायचे. परळच्या एका रुग्णालयात एकतीस वर्षं मी ही औषधं तयार केली. प्रत्येकाचं कूळ वेगळं. सायक्लोफॉस्फमाइड युद्धातल्या मस्टर्ड वायूच्या घराण्यातलं, विनक्रिस्टीन अंगणातल्या सदाफुलीचं. मेथोचं मूळ शोधत गेलो आणि फिरून परळातच आलो.

१९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांना जीवघेणा रक्तक्षय होई. तो का, हे त्यांना शोधायचं होतं. काम परळच्याच हाफकिन संस्थेत. त्यांनी जंतू तपासले, आणि या बायका काय खातात तेही. ताटात भाजी-फळं जवळजवळ नव्हतीच. माझी आजी वाइंडिंग खात्यात होती. तिच्या डब्यात भाकरी-चटणीपलीकडे काही दिसे ते पगार झाल्यावर, तेही दोन दिवस. हे कळायला मला विल्सबाईंचा अहवाल लागला नसता! त्यांनी तसाच निकस आहार जनावरांना दिला. आजारी माकड मार्माइटनं सुधारलं. मार्माइट म्हणजे बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टचा काळा, खारट अर्क; गरिबाला परवडेल असा. मग तोच बायकांना दिला आणि त्यांचं रक्त भरू लागलं. १९३१ मध्ये हे छापून आलं. यीस्टमधला तो गुणकारी घटक पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखला गेला.

लेडर्ली कंपनीत भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बारावांच्या चमूनं हे आम्ल बनवलं. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ते ल्युकेमियाच्या मुलांना देऊन पाहिलं, तर रोग उलट भडकल्यासारखा दिसला. मग ल्युकेमियाच्या पेशींचं फोलिक आम्लच तोडलं तर? सुब्बारावांकडून अ‍ॅमिनोप्टेरिन आलं. दिसायला फोलिक आम्लाची नक्कल, पण पेशीत त्याची वाट अडवून बसणारं. जून १९४८ च्या निबंधात १६ मुलं होती. १० जणांत सुधारणा, तीही तात्पुरती. ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले. वय त्रेपन्न.

मेथो हे अ‍ॅमिनोप्टेरिनचं धाकटं भावंड. १९५६ मध्ये अमेरिकेत मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी ते कोरिओकार्सिनोमावर वापरलं. हा वारेतून उपजणारा कर्करोग, म्हणजे पुन्हा गरोदर बाईचंच दुखणं. फुप्फुसातल्या गाठी विरल्या. पण लघवीतलं संप्रेरक अजून थोडं उरलं होतं, म्हणून ली यांनी औषध थांबवलं नाही. वरिष्ठांना हा अघोरीपणा वाटला. ली यांची नोकरी गेली. ज्या बायकांना त्यांनी शेवटपर्यंत औषध दिलं, त्यांचा रोग मात्र परतला नाही.

मोठ्या डोसचा मेथो दिला की साधारण २४ तासांनी ल्यूकोव्होरिन सुरू करायचं, नाहीतर चांगल्या पेशीही उपाशी मरतात. हे ल्यूकोव्होरिन फोलिक आम्लाचंच एक रूप. वॉर्डात त्याला म्हणतात ‘रेस्क्यू’. वेळ चुकवून चालत नाही. रात्रपाळीच्या सिस्टर दहा मिनिटं आधीच फोन करायच्या, “भाऊ, रेस्क्यू निघालं का?”